बाळाला शी होत नाही, पोट फुगतं. हा आजार जगापुढं मांडणारे डॉ. हिर्शस्प्रंग

हिंगोली : लेकरू जन्मलं, दोन दिवस झाले तरी शी नाही. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. अशा वेळी आपल्याकडं कोणी एरंडेल चाटवतं, कोणी विड्याच्या पानाचा देठ लावतं. पण यातल्या काही लेकरांना जन्मतःच आतड्याचा आजार असतो. तो ज्यांच्या नावानं ओळखला जातो, त्या डॉक्टरांची ही माहिती.

हाराल्ड हिर्शस्प्रंग यांचा जन्म १४ डिसेंबर १८३० रोजी डेन्मार्क देशातल्या कोपनहेगन शहरात झाला. घरचा तंबाखूचा कारखाना होता. तो सोडून त्यांनी डॉक्टरकी धरली. जन्मतः अन्ननलिका किंवा लहान आतडं बंद असलेल्या बाळांवर त्यांनी १८६१ साली प्रबंध लिहिला.

१८७९ साली कोपनहेगनमध्ये राणी लुईझ यांच्या नावानं लेकरांचा दवाखाना सुरू झाला. तिथं ते मुख्य डॉक्टर झाले. खाटांच्या वर धर्मग्रंथातली वचनं लावावीत असं राणीचं म्हणणं होतं. डॉक्टर मात्र प्राण्यांच्या चित्रांवर अडून बसले, कारण लेकरं त्यातच रमतात.

१८८६ साली बर्लिनच्या डॉक्टरांच्या सभेत त्यांनी दोन बाळांची हकिकत मांडली. दोघांनाही जन्मापासून शी होत नव्हती आणि दोघंही वर्षाच्या आत दगावली. मोठं आतडं फुगून जाड झालेलं होतं. दोष त्या फुगलेल्या भागातच आहे, असं त्यांना वाटलं.

इथं त्यांचा अंदाज चुकला. पाइप खाली चोंदला की पाणी वर तुंबतं, तसं हे आहे. आतड्याच्या खालच्या टोकाला शी पुढं ढकलणाऱ्या मज्जापेशीच नसतात. तो भाग आवळलेला राहतो आणि वरचा फुगतो. हिर्शस्प्रंग १९१६ साली वारले. पुढं १९४८ साली अमेरिकेत बोस्टनचे डॉ. स्वेन्सन यांनी खालचा खराब भाग काढून चांगलं आतडं खाली जोडायचं ऑपरेशन दाखवून दिलं. तेव्हापासून ही लेकरं वाचू लागली.

साधारण ५,००० जन्मांमागे एका बाळाला हा आजार होतो. मुलांत तो जास्त दिसतो. आतड्याचा बारीक तुकडा तपासला की निदान पक्कं होतं.

म्हणून मायबापांनो, जन्मल्यापासून २४ तासांत बाळाला काळी चिकट शी झाली का, ते बघा. नसेल झाली तर आशाताईला सांगा, डॉक्टरला दाखवा. ४८ तास उलटले, पोट फुगलं किंवा हिरवी उलटी झाली तर घरचे उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा. ऑपरेशन झालेल्या लेकराला नंतर कधी ताप, फुगलेलं पोट आणि घाण वासाची पातळ शी असा त्रास झाला, तर तेही जिवावरचं असतं. हगवण समजून थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.