कात्रीने घडवलेली सृष्टी

पूर्ण लांबीचा अॅनिमेशनपट म्हटला की वॉल्ट डिस्ने यांच्या १९३७ सालच्या 'स्नो व्हाइट'चे नाव चटकन पुढे येते. मात्र त्याच्या अकरा वर्षे आधी बर्लिनमध्ये असा एक चित्रपट पडद्यावर झळकला होता. त्यामागे कोणताही बडा स्टुडिओ नव्हता; होती ती एका तरुणीची कात्री. लोटे रायनिगर यांचा 'प्रिन्स अहमदची साहसे' हा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा अॅनिमेशनपट मानला जातो.

२ जून १८९९ रोजी बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागात त्यांचा जन्म झाला. कागद कातरून छायाकृती बनवण्याचा छंद बालपणीच जडला. पुढे माक्स राइनहार्ट यांच्या नाट्यशाळेत शिकताना त्या नटांच्या छायाकृती कातरत. अभिनेते-दिग्दर्शक पॉल वेगेनर यांनी हे कसब हेरले. १९१८ साली हॅमेलिनच्या पुंगीवाल्यावरील त्यांच्या चित्रपटासाठी लोटे यांनी छायाकृतींच्या शीर्षकपट्ट्या केल्या आणि लाकडी उंदीर एकेक चौकट टिपत हलते केले. लगेच १९१९ मध्ये त्यांचा पहिला लघुपट आला. १९२१ मध्ये कार्ल कोख यांच्याशी विवाह झाला. कोख हेच पुढे त्यांच्या कामाचे तांत्रिक आधारस्तंभ ठरले.

महागाईच्या काळात गुंतवणूक म्हणून कच्ची फिल्म घेऊन ठेवलेले बँकर लुई हागेन यांनी १९२३ मध्ये त्यांच्यापुढे मोठ्या चित्रपटाचा प्रस्ताव ठेवला. पॉट्सडॅममध्ये गॅरेजवरील माळ्यावर काम सुरू झाले. काळा पुठ्ठा आणि शिशाचा पातळ पत्रा यांतून कापलेल्या आकृतींचे अवयव तारेने जोडलेले असत. खालून प्रकाश सोडलेल्या काचेच्या टेबलावर त्या किंचित सरकवायच्या, वरच्या कॅमेऱ्याने एक चौकट टिपायची आणि पुन्हा सरकवायच्या. काचांचे एकाखाली एक थर रचून दृश्याला खोलीही दिली गेली. वाल्टर रुटमन आणि बेर्टोल्ड बार्टोश यांच्यासारखे प्रयोगशील कलावंत सोबतीला होते. तीन वर्षांच्या या परिश्रमांतून अरबी सुरस कथांवर बेतलेला हा चित्रपट २ मे १९२६ रोजी रसिकांसमोर आला. तेव्हा लोटे यांनी वयाची सत्ताविशीही गाठली नव्हती.

या यशानंतरचा मार्ग मात्र सुकर नव्हता. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. डाव्या विचारांच्या या दांपत्याने देश सोडण्याचे ठरवले. पण कायम आसरा देणारा देश मिळेना. व्हिसाची मुदत संपली की मुक्काम हलवायचा, असे भटके जिणे वाट्याला आले. त्याही काळात कात्री थांबली नाही. मोत्झार्टच्या संगीतावरील 'पापागेनो' १९३५ चा. १९३८ मध्ये झाँ रन्वार यांच्या 'ला मार्सेयेज'साठी त्यांनी छायानाट्याचा प्रसंग रचला. १९४४ मध्ये आईच्या देखभालीसाठी त्यांना बर्लिनला परतावे लागले. युद्धाच्या संहारात 'प्रिन्स अहमद'ची मूळ निगेटिव्ह नष्ट झाली.

१९४९ मध्ये लोटे लंडनला गेल्या आणि पन्नाशीत त्यांनी नव्याने डाव मांडला. हागेन यांच्या मुलाच्या साथीने दूरचित्रवाणीसाठी परीकथांवरील छायापटांची मालिकाच उभी राहिली. त्यांतील 'गॅलंट लिटल टेलर'ला १९५५ मध्ये व्हेनिसमध्ये पारितोषिक मिळाले. १९६३ मध्ये कोख निवर्तले. त्यानंतर मोठा खंड पडला, तरी सत्तरी ओलांडल्यावर कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी त्यांनी पुन्हा कात्री हाती घेतली. १९ जून १९८१ रोजी जर्मनीतील डेटेनहाउझेन येथे त्यांचे निधन झाले.

लंडनमध्ये जतन झालेल्या रंगीत छटांच्या प्रतीवरून पुढे 'प्रिन्स अहमद'चे पुनरुज्जीवन झाले. आयुष्यभर स्टुडिओचे बळ, स्थिर घर आणि हुकमी बाजारपेठ यांपैकी फारसे काहीच त्यांच्या वाट्याला आले नाही. पण दोन हातांत मावेल एवढ्याच साधनांवर कला उभी असल्याने ती त्यांच्यापासून कुणाला हिरावूनही घेता आली नाही.