सोलापूरच्या पेढीवरून सातासमुद्रापार

इंदापूर तालुक्यातील कळंब हे नीरेच्या काठचे गाव. पर्जन्यछायेतील या भागाला आधार होता तो नीरा डाव्या कालव्याचा. या कालव्याच्या भरवशावर 1930 च्या दशकात येथे साखर कारखाना उभा राहिला आणि कळंबच्या शिवारात वालचंदनगर वसले. ज्यांचे नाव या नगरीला मिळाले, त्या वालचंद हिराचंद यांची कर्तृत्वगाथा मात्र साखरेपुरती मर्यादित नाही.

वालचंद यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापूर येथे झाला. घराण्याचा व्यवसाय सावकारी आणि कापसाचा. पेढी सांभाळली असती तरी आयुष्य सुखात गेले असते. परंतु तरुण वालचंदांचे मन त्यात रमले नाही. रेल्वेतील नोकरीचा अनुभव असलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्यासह त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचा ठेका घेतला. पुढे बोरघाटातील बोगद्यांसारखी अवघड कामेही त्यांच्या कंपनीने पार पाडली.

पहिल्या महायुद्धानंतर त्यांची दृष्टी समुद्राकडे वळली. देशाचा माल परदेशी जाई, मात्र जहाजे आणि त्यांचे भाडे इंग्रजांचे. 1919 मध्ये वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून ‘लॉयल्टी’ हे जहाज विकत घेतले व सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. 5 एप्रिल 1919 रोजी या जहाजाने मुंबईहून लंडनसाठी प्रस्थान ठेवले.

प्रवास घडला, पण धंदा जमणे कठीण होते. बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून नव्या कंपनीची कोंडी केली. अखेर 1923 मध्ये सिंदियाला दहा वर्षांचा करार मान्य करावा लागला. त्यानुसार दूरच्या सागरी मार्गांवरचा दावा सोडून किनारी वाहतुकीवर समाधान मानणे भाग पडले. कंपनी तगली, मात्र त्यासाठी मोठे स्वप्न लांबणीवर टाकावे लागले. ही सल वालचंदांनी पुढच्या उद्योगांत भरून काढली, असे म्हणता येईल.

1940 मध्ये म्हैसूर संस्थानच्या सहभागाने त्यांनी बंगळूर येथे विमान कारखाना सुरू केला. युद्धकाळात तो सरकारच्या ताब्यात गेला; आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही त्याचीच पुढची पिढी. 1941 मध्ये विशाखापट्टणम येथे जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. तेथे बांधलेल्या ‘जलउषा’ जहाजाचे जलावतरण मार्च 1948 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. 1944 मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने मोटारनिर्मितीत पाय रोवले. बंधूंचा हातभार आणि पत्नी कस्तुरबाई यांची साथ त्यांना लाभली.

1949 मध्ये पक्षाघाताने त्यांना गाठले. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

कळंबच्या शिवारातील या उद्योगाने पुढे साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनवून ती परदेशांतही पोहोचवली. 2023 मध्ये चांद्रयान-3 घेऊन झेपावलेल्या प्रक्षेपकाचे काही भागही याच कंपनीने घडवले होते. ‘लॉयल्टी’च्या प्रस्थानाची आठवण म्हणून 1964 पासून 5 एप्रिल हा दिवस देशभर राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पहिल्या फेरीत नफ्याची खात्री नव्हती. तरीही तो प्रवास व्यर्थ गेला नाही, याची साक्ष हा दिवस दरवर्षी देतो.