पाणी बदलणारा माणूस

दिवाळीच्या सुट्टीत मुरुडला घरी गेले तर काका वैतागलेले! आमच्याकडे पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. त्यांच्यासमोरच्या ओटीवर काकांनी समुद्राच्या पाण्याचा शंभर लिटरचा फिशटँक मांडला होता. भरतीच्या वेळी कॅनने पाणी आणलं, खडकांतल्या डबक्यातले छोटे मासे सोडले, आठवड्यात सगळे मेले. दुसऱ्या खेपेचे मासेही वर येऊन धापा टाकत होते. काका रोज थोडं पाणी बदलत, शिवाय वाळू आणि दगड विहिरीच्या पाण्याने घासून धूत. तरी टेस्ट किटमध्ये अमोनियाचा रंग हिरवागार. टँक विकणाऱ्याचं म्हणणं, महिनाभर पाण्याला हातच लावू नका. आता कोणाचं ऐकायचं? मी पडले इंजिनिअरिंगची, म्हणजे घरच्यांच्या मते सर्वज्ञ. शोधता शोधता मला सर्गेई विनोग्राडस्की भेटले. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, शुद्धलेखनाबद्दल संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

त्यांचा जन्म १८५६ साली कीवमध्ये, श्रीमंत घरात झाला. ब्रँच बदलायचा विचार करणाऱ्यांनी लक्ष द्या! हा मुलगा आधी कायदा शिकायला गेला, तो सोडून विज्ञानाकडे वळला, तेही सोडून सेंट पीटर्सबर्गला पियानो शिकू लागला, आणि शेवटी पुन्हा विज्ञानाकडे आला.

१८८५ मध्ये ते स्ट्रासबुर्गला डी बारी यांच्या प्रयोगशाळेत गेले. गंधकाच्या झऱ्यांत बेजियाटोआ नावाचे धाग्यासारखे जिवाणू असतात. ते त्यांनी काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवले. थेंबातला हायड्रोजन सल्फाइड संपला की जिवाणूंच्या अंगातले गंधकाचे कण नाहीसे होत, ताजं गंधकाचं पाणी दिलं की परत दिसत. मग काय, दिवसातून अनेकदा पाणी बदलायचं, जिवाणू मात्र तिथेच ठेवायचे आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. अशा चिकाटीतून १८८७ मध्ये त्यांनी दाखवलं की काही जीव चक्क निर्जीव रसायनांतून ऊर्जा मिळवून जगतात.

पुढे ते झुरिकला गेले आणि आमच्या फिशटँकच्या प्रश्नाला भिडले. १८७७ मध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि खडूने भरलेल्या नळीतून सांडपाणी सोडलं होतं. सुमारे वीस दिवस काहीच घडलं नाही, मग अमोनियाचं नायट्रेट व्हायला लागलं. क्लोरोफॉर्म दिल्यावर ते थांबलं. म्हणजे काम कोणीतरी जिवंत करत होतं, पण ते कोणालाच पकडता येईना. इंग्लंडमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन वर्षानुवर्षं झटले. गंमत म्हणजे, याच नावाच्या त्यांच्या वडिलांनी १८५० च्या सुमारास मासे, वनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून फिशटँक टिकवून दाखवला होता!

अडचण अशी की सगळे जण या जिवाणूंना जिलेटिनवर वाढवू बघत होते, आणि यांना तसलं सेंद्रिय खाणं चालतच नव्हतं. विनोग्राडस्कींनी पाण्यात फक्त क्षार, अमोनिया आणि मॅग्नेशियम कार्बोनेट घातलं. त्यातला थोडा अंश पुन्हा पुन्हा ताज्या द्रावणात नेला. मग जिलेटिनवर जिथे काहीच उगवलं नाही, नेमके तेच ठिपके उचलले! (आम्ही अशा रीडिंगला सरळ एरर म्हणतो.) १८९० मध्ये अमोनियाचं नायट्राइट करणारा जिवाणू हाती आला, आणि लवकरच नायट्राइटचं नायट्रेट करणारा दुसराही. अमोनिया आणि नायट्राइट माशांना मारक, नायट्रेट त्यामानाने बरंच सौम्य.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. द्रावण वर नितळ असे, आणि जिवाणू तळाच्या कार्बोनेटला चिकटून बसलेले असत. म्हणजे पाणी बदलल्याने काकांचं फारसं बिघडत नव्हतं. दगड-वाळू गोड्या पाण्याने धुण्याने बिघडत होतं. जेमतेम रुजलेले खारे जिवाणू रोज मरत होते. टँकमध्ये मासे असतील तर थोडं पाणी बदलायलाच हवं. मासे नसतील तर अमोनिया हे जिवाणूंचं अन्न, ते कशाला फेकायचं? लिटरला पाच मिलिग्रॅमच्या वर गेला तर मात्र जिवाणूच मंदावतात, तेव्हा थोडं बदलावं. आम्ही उरलेले मासे समुद्रात सोडले, टँकमध्ये कोळंबीचा एक तुकडा सडायला टाकला आणि धुणं बंद केलं.

विनोग्राडस्की १८९१ मध्ये सेंट पीटर्सबर्गला परतले आणि १९०५ च्या सुमारास प्रकृतीमुळे निवृत्त होऊन युक्रेनमधल्या आपल्या शेतीवर गेले. क्रांतीत सगळं गेलं आणि देशही सुटला. १९२२ मध्ये, पासष्टी उलटल्यावर, पाश्चर इन्स्टिट्यूटने त्यांना पॅरिसजवळ जागा दिली. तिथे त्यांनी मातीतल्या जिवाणूंवर पुन्हा पहिल्यापासून काम सुरू केलं, आणि १९४९ मध्ये, वयाची नव्वदी ओलांडल्यावर, मोठा ग्रंथ काढला. १९५३ मध्ये ते वारले.

त्यांनाही न सापडलेलं काही शिल्लक होतंच. २००५ मध्ये अमोनिया खाणारा एक वेगळाच सूक्ष्मजीव, आर्किया गटातला, मिळाला. कुठे, तर सिएटलच्या मत्स्यालयातल्या खाऱ्या टाकीच्या खडीत!

डिसेंबरच्या सुरुवातीला काकांचा फोन आला. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट भरपूर, आता पाणी बदलू का विचारत होते. मी म्हटलं, आता खुशाल अर्धं बदला, पण दगडांना हात लावू नका.