सी. व्ही. रमण यांची नोबेलआधीची गोष्ट, आणि माझ्या स्पीकरचा क्रॉसओव्हर

नागपूरच्या शाळेत शिकलेल्या जवळपास प्रत्येकाची एक तरी सहल गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्रात गेलेली असते. माझीही गेली होती. तारांगणात अंधार झाल्या झाल्या अर्धा वर्ग झोपला, मीपण झोपलो. त्या सहलीतून डोक्यात राहिलं ते एवढंच: रमण म्हणजे प्रकाश, रमण म्हणजे २८ फेब्रुवारी, रमण म्हणजे नोबेल. हा माणूस कधीकाळी आपल्या नागपुरात नोकरीला होता आणि त्या वर्षांत त्याला वेड होतं ते आवाजाचं, हे मला कळलं थेट गेल्या वर्षी. तेही एका फसलेल्या स्पीकरमुळे.

झालं असं की ऑफिसचं काम संपल्यावर रात्री घरी स्पीकर बनवायचा उद्योग मी सुरू केला होता. साडेसहा इंची वूफर, एक इंची ट्वीटर (ते ॲप नव्हे, बारीक आवाज काढणारा छोटा ड्रायव्हर) आणि प्लायवूडची पेटी. एकाच ड्रायव्हरकडून सगळे आवाज नीट निघत नाहीत. वूफरचा कोन जड असतो, त्याला फार भराभर हलता येत नाही. ट्वीटरचा पडदा नाजूक, त्याच्याकडे खर्ज पाठवला तर तो जळतोच. म्हणून मध्ये क्रॉसओव्हर लागतो. कॉइल आणि कॅपेसिटरचं हे सर्किट खालच्या फ्रिक्वेन्सी वूफरकडे आणि वरच्या ट्वीटरकडे पाठवतं. मी वाटणी २५०० हर्ट्झवर ठेवली, लिंकविट्झ-रायली पद्धतीची, सेकंड ऑर्डर. ८ ओहमच्या ड्रायव्हरसाठी गणितात १.०२ मिलिहेन्रीची कॉइल आणि ३.९८ मायक्रोफॅरडचा कॅपेसिटर येतो. बाजारात १ आणि ३.९ मिळतात, तेवढ्या फरकाने काही बिघडत नाही.

गाणी मस्त वाजली. मग बाबांनी रियाजासाठी मोबाईलमधलं तंबोऱ्याचं ॲप त्याला जोडलं आणि दोन मिनिटांत तोंड वाकडं केलं. त्यांच्या मते तंबोऱ्याची जवारीच गेली होती. गंमत म्हणजे मोबाईलच्या टीचभर स्पीकरवर ती होती आणि माझ्या पाच हजारांच्या पेटीत नव्हती. जवारी म्हणजे नेमकं काय हे शोधता शोधता मी १९२१ सालच्या एका शोधनिबंधापाशी पोचलो. लेखक: सी. व्ही. रमण.

चंद्रशेखर वेंकट रमण यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, तिरुचिरापल्लीचा. वडील गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचे आणि व्हायोलिन वाजवायचे. मुलगा अभ्यासात इतका पुढे की मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असतानाच, १९०६ मध्ये, त्याचा पहिला निबंध इंग्लंडच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये छापून आला. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचं स्वरांवरचं पुस्तक त्यांनी तरुणपणीच वाचलं होतं, आणि त्याचा परिणाम आयुष्यभर राहिला. पण त्या काळच्या भारतात विज्ञानावर पोट भरणं अवघडच. मग स्पर्धा परीक्षा दिली आणि १९०७ मध्ये सरकारच्या अर्थखात्यात अधिकारी म्हणून कोलकात्याला रुजू झाले. त्याच वर्षी लोकसुंदरी यांच्याशी लग्न झालं. त्या वीणा वाजवायच्या.

कोलकात्यात एकदा ट्राममधून जाताना बहूबाजार रस्त्यावर त्यांना एक पाटी दिसली: इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. १८७६ मध्ये सुरू झालेली ही संस्था, प्रयोगशाळा होती पण ती वापरणारं जवळपास कोणी नव्हतं. रमण उतरले आणि आत गेले. तेव्हापासून सकाळी ऑफिसच्या आधी प्रयोग, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर पुन्हा प्रयोग. दिवसभर सरकारी हिशेब.

सरकारी नोकरी म्हटली की बदली आलीच. १९०९ मध्ये रंगून, १९१० मध्ये नागपूर. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होतं. इथे असोसिएशनसारखी जागा नव्हती, म्हणून त्यांनी घरातच उपकरणं मांडली. त्या वर्षांतला त्यांचा मुख्य विषय होता ताणलेल्या तारेची कंपनं. तार कशी हलते हे डोळ्याला दिसत नाही, म्हणून ते तिच्या हालचालीचे फोटो काढायचे. १९०९ मध्ये त्यांनी एकताऱ्यावर निबंध लिहिला होता. होय, भजनी मंडळात हातात असते ती आपली एकतारी. आज हाच छंद नागपुरात कुणी करतो म्हटलं तर मोबाईलवर स्पेक्ट्रम ॲनालायझरचं ॲप टाकून पाच मिनिटांत सुरुवात होते. त्यांच्याकडे तार, ट्युनिंग फोर्क आणि फोटोची काच होती.

१९११ मध्ये ते कोलकात्याला परतले आणि कामाला वेग आला. व्हायोलिन आणि चेलोवर एखादा विशिष्ट स्वर वाजवला की तो घोगरा होऊन थरथरतो. वादक त्याला वुल्फ नोट म्हणतात. वाद्याच्या लाकडी अंगाचा स्वतःचा एक स्वर असतो, तार नेमकी त्याच स्वरावर आली की तारेची ऊर्जा लाकूड खेचून घेतं, तार अडखळते, पुन्हा सावरते, पुन्हा अडखळते. हे रमण यांनी १९१६ च्या सुमारास मांडलं. (स्पीकरची पेटी पातळ प्लायची केली तर तिचं अंगसुद्धा असंच मधे मधे बोलायला लागतं. मी १८ मिलिमीटरची घेतली.) माणसाचा हात दर वेळी सारखा दाब देत नाही म्हणून पुढे त्यांनी यंत्राने वाजणारं व्हायोलिन तयार केलं आणि प्रत्येक स्वराला गजाचा किमान किती दाब लागतो ते मोजलं.

हे सगळं नोकरी सांभाळून. १९१७ मध्ये कोलकाता विद्यापीठात पालित प्राध्यापक म्हणून जायची वेळ आली. पगार जवळपास निम्म्यावर येणार होता. सरकारी खात्यात बढत्या ठरलेल्या, पेन्शन ठरलेली. रमण तेव्हा २८ वर्षांचे होते, म्हणजे आज माझं वय आहे तेवढेच. त्यांनी राजीनामा दिला. मी हे वाचलं तेव्हा अप्रेझलचा फॉर्म भरत होतो, एवढंच सांगतो.

आता तबला. साध्या ढोलाच्या गोल पडद्यावर थाप मारली की मूळ कंपनाबरोबर १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशी वेडीवाकडी कंपनं निघतात. त्यांची एकमेकांशी जुळणी नसते, म्हणून ढोलातून ठोका ऐकू येतो, स्वर ऐकू येत नाही. चामड्याचा पडदा असाच असणार हे पाश्चात्त्य पुस्तकांत ठरून गेलं होतं. रमण आणि त्यांचे सहकारी एस. कुमार यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की मृदंग आणि तबल्यात हा नियम मोडलेला आहे. मधल्या काळ्या शाईचं वजन थरावर थर देऊन असं बसवलेलं असतं की कंपनं १, २, ३, ४, ५ अशा सरळ पटीत येतात. म्हणून तबला सुरात लावता येतो. हे गणित कुणी कागदावर केलं नव्हतं. शाई घोटणाऱ्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या कानाने ते साधलं होतं.

आणि मग तंबोरा. नियम असा की तार जिथे छेडली तिथे ज्या ओव्हरटोनचा स्थिर बिंदू येतो तो ओव्हरटोन आवाजात असायलाच नको. वीणा आणि तंबोऱ्यात रमण यांना ते ओव्हरटोन ठणठणीत सापडले. कारण घोडी. व्हायोलिनची घोडी धारदार असते, तार एका रेषेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित गोलसर असते, तार हलताना तिच्यावर टेकते-सुटते, आणि त्यातून वरचे ओव्हरटोन सतत जिवंत राहतात. घोडी आणि तारेमध्ये सुताचा धागा सरकवून ते नेमके खुलवायचे, मिरजेचे कारागीर जी घासून घासून लावतात ती जवारी हीच.

इथे माझी ट्यूब पेटली. बाबांची पट्टी काळी एक. त्यांच्या तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा साधारण १३८.६ हर्ट्झवर. त्याची अठरा पट काढा: २४९५. बरोबर माझ्या क्रॉसओव्हरच्या रेषेवर! म्हणजे एकाच तारेचे खालचे ओव्हरटोन वूफर वाजवणार, वरचे ट्वीटर, आणि मधले बरेच दोघांनी मिळून. तबल्याचं तसं होत नाही. २७७ हर्ट्झला लावलेल्या तबल्याचे पाचही मुख्य स्वर १३८५ च्या आत संपतात, ते एकटा वूफर निभावतो. म्हणूनच गाण्यातला तबला ठीक वाटला आणि तंबोरा फसला. क्रॉसओव्हर तपासायला तंबोऱ्याइतकं कडक वाद्य मला तरी दुसरं माहीत नाही.

मोबाईलवर जवारी का होती? तिथे एकच ड्रायव्हर, त्यामुळे वाटणीचा प्रश्नच नाही. त्या स्पीकरमधून ६९ हर्ट्झचा खर्ज जवळजवळ काहीच निघत नाही, तरी आपल्याला तो ऐकू येतो, कारण वरचे ओव्हरटोन ठरलेल्या अंतरावर असले की मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. हेडफोन काढून एकदा करून बघा.

१९२१ मध्ये रमण ऑक्सफर्डच्या परिषदेला गेले, लंडनला सेंट पॉल कॅथेड्रलच्या घुमटात कुजबूज एका भिंतीवरून दुसरीकडे कशी पोचते तेही पाहून आले, आणि परतीच्या बोटीवर समुद्राच्या निळाईने त्यांना प्रकाशाकडे ओढलं. पुढचं शाळेत झालंय: १९२८ चा शोध, १९३० चं नोबेल. ध्वनीचं काम मात्र कोपऱ्यात पडलं नव्हतं. जर्मनीच्या 'हांडबुख डेर फिजिक' या जाडजूड संदर्भग्रंथात १९२७ मध्ये वाद्यांवरचं प्रकरण लिहिलं ते रमण यांनीच. १९३३ मध्ये ते बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेले, १९३४ मध्ये इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस काढली, आणि त्याच वर्षी पुन्हा आपल्या चर्मवाद्यांवर मोठा निबंध लिहिला. पडद्यावर बारीक वाळू पसरायची, थाप द्यायची, वाळू जिथे थांबते ती रेघ म्हणजे न हलणारी जागा. नोबेल मिळालेला माणूस, आणि समोर वाळू भुरभुरवलेला मृदंग! मला त्यांच्या आयुष्यातलं हेच चित्र सगळ्यात आवडतं. २१ नोव्हेंबर १९७० ला बंगळुरूत ते गेले.

राहिला माझा स्पीकर. सेकंड ऑर्डर क्रॉसओव्हरमध्ये वाटणीच्या रेषेवर वूफरचा सिग्नल ९० अंश मागे पडतो आणि ट्वीटरचा ९० अंश पुढे जातो. दोघांत १८० अंशांचा फरक, म्हणजे एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि दोघांचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. म्हणून ट्वीटरच्या दोन वायरी उलट जोडायच्या असतात. मी सरळ जोडल्या होत्या. लाल ते लाल, काळी ते काळी. इंजिनिअरिंगची पदवी आहे माझ्याकडे, सांगायला लाज वाटते.

त्या रात्री लगेच वायरी बदलल्या नाहीत. आधी स्पीकरसमोर मीटरभर अंतरावर, ट्वीटरच्या उंचीला मोबाईल ठेवला, पिंक नॉइज वाजवला आणि ॲपमध्ये आलेख पाहिला. २५०० च्या आसपास खोल खड्डा होता. ही चाचणी तुम्हीही करा, मुद्दाम चुकीची जोडणी करून. खड्डा जितका खोल आणि नेमका, तितके दोन्ही ड्रायव्हर तिथे सारख्या जोराने आणि नेमक्या विरुद्ध चालीने वाजताहेत, म्हणजे कॉइल-कॅपेसिटरचे आकडे बरोबर. खड्डा उथळ किंवा पसरट असेल तर आकडे पुन्हा तपासायचे, किंवा ट्वीटर पेटीत थोडा मागे सरकवायचा. माझा खोल होता. मग वायरी उलटवल्या, खड्डा भरला.

सकाळी बाबांनी ॲप लावलं, डोळे मिटले, आणि यावेळी तक्रार केली ती पंचमाची. तो ॲपमध्येच थोडा उतरलेला होता.