बाबासाहेब आणि विजेचा प्रश्न

माणगाव परिषदेमुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोल्हापूरकरांना घरचे वाटतात. मार्च १९२० मधील त्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी अवघ्या २८ वर्षांच्या अध्यक्षांचा बहिष्कृत समाजाचे पुढारी म्हणून गौरव केला. ज्या राजाने राधानगरीचे धरण आरंभिले, त्याने गौरविलेल्या तरुणाकडे पुढे सबंध देशाच्या वीज व पाण्याच्या धोरणाचा कारभार यावा, हा योग विलक्षणच.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब कोलंबिया आणि लंडन येथे अर्थशास्त्र शिकले. लहान शेतजमिनींवरील १९१८ च्या निबंधात त्यांनी दाखविले की, शेतीचे दुखणे केवळ तुकडे जोडून बरे होणार नाही. शेतीवरील माणसांचा भार उद्योगांनी उचलला पाहिजे. त्यांच्या वीजविचाराचे मूळ येथे सापडते.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. मजूरमंत्री म्हटले की आपल्याला कामगार कायदेच आठवतात. पण वीज व पाटबंधारे हे विषयही त्याच खात्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत वीजविषयक समितीपुढे त्यांनी प्रश्न मांडले ते मुळालाच हात घालणारे होते. वीज सरकारी मालकीची असावी की खासगी? खासगी असल्यास लोकहितासाठी कोणत्या अटी घालाव्यात? कारभार केंद्राकडे असावा की प्रांतांकडे? स्वस्त व मुबलक विजेवाचून उद्योग नाहीत आणि उद्योगांवाचून दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्याच वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार करणाऱ्या दामोदर योजनेची आरंभीची आखणीही त्यांच्याच कारकिर्दीतली. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये तर पायाभूत उद्योग राज्याच्याच मालकीचे असावेत, असा त्यांनी आग्रह धरला.

४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे 'अप्सरा' ही देशातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. चारच महिन्यांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

आता २०४७ पर्यंत एक लाख मेगावॅट अणुविजेचे लक्ष्य केंद्र सरकारने ठेवले असून, खासगी कंपन्यांना त्यात वाव देण्याचे धोरण आहे. आमच्या शिरोलीतील फाउंड्रीवाल्यांना विजेच्या दराचे मोल समजावून सांगावे लागत नाही. परदेशी मालाशी त्यांची स्पर्धा भट्टीच्या बिलापासूनच सुरू होते. अणुविजेचा दर कोणी ठरवावा, अपघात झाल्यास भरपाई कोणी द्यावी, हे आजचे वाद १९४३ च्या त्या दुसऱ्या प्रश्नातलेच आहेत.