शीड आणि वाफेच्या संधिकाळातला अभियंता : आर्देशीर कर्सेटजी वाडिया

रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य म्हणून अनेकांना रामानुजन यांचेच नाव आठवते. त्यांची निवड १९१८ मधली. त्याच्या ७७ वर्षे आधी, २७ मे १८४१ रोजी, हा मान मुंबईच्या गोदीत वाढलेल्या आर्देशीर कर्सेटजी वाडिया यांना मिळाला होता.

आर्देशीर यांचा जन्म १८०८ चा. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि सागवानी जहाजे बांधणारे वाडिया घराणे तिथे रुजले. आर्देशीर कोवळ्या वयातच गोदीत दाखल झाले. मात्र त्यांचे मन लाकडापेक्षा यंत्रात अधिक रमले. १८३३ मध्ये त्यांनी ‘इंडस’ हे ६० टनांचे छोटे जहाज पाण्यात सोडले. पुढच्याच वर्षी माझगावचा आपला बंगला त्यांनी गॅसच्या दिव्यांनी उजळला.

तो काळ शीड आणि वाफ एकाच जहाजावर नांदण्याचा होता. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली आणि ३३ दिवसांनी पोहोचली. त्यांतले कितीतरी दिवस वाटेवरच्या बंदरांत कोळसा भरण्यातच गेले. कोळसा महाग, वारा फुकट. म्हणून वारा अनुकूल असला की यंत्र थांबवायचे आणि शिडे उभारायची. पण मग दोन्ही बाजूंची थांबलेली वल्हेचाके पाणी अडवून धरीत. शिडांमुळे जहाज कलले, की एक चाक खोल बुडे आणि दुसरे वर येई.

१८३९ मध्ये आर्देशीर यंत्रविद्येच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. मळसूत्री पंख्यावर चालणारे ‘आर्किमिडीज’ त्याच सुमारास तिथल्या समुद्रात आपली चाचणी देत होते. पंखा पाण्याखाली असल्याने कलण्याचा प्रश्न सुटला. अडवणूक मात्र राहिली, कारण थांबलेला पंखा शिडाच्या जहाजाला मागे ओढतो. कुठे पंखाच विहिरीतून वर उचलून घेण्याची सोय झाली. जोसेफ मॉडस्ले यांनी १८४८ मध्ये वेगळी वाट काढली : पाती आपल्याच आसाभोवती वळवून त्यांची धार प्रवाहाच्या रेषेत आणायची. नावाडी परतीच्या फेऱ्यात वल्हे आडवे करतो, त्यातलाच हा प्रकार.

आजच्या शिडाच्या नौकांवरही हीच निवड असते. स्थिर पंखा स्वस्त आणि दणकट, पण वेग खातो. मिटणारा पंखा पाण्याला सर्वांत कमी अडवतो, पण मागे जाताना कमी पडतो. पाती वळवणारा पंखा मागेही जोरदार ओढतो. त्याची किंमत मात्र मोठी, आणि गाभ्यातील दातेरी चाकांना वेळोवेळी ग्रीस लागते. पावसाळ्यापूर्वी नौका काठावर घेतली, की पाती हाताने फिरवून पाहावी, कठीण कवचाचे चिकटे जीव खरवडावे आणि झिजलेला जस्ताचा तुकडा बदलावा. तो तुकडा स्वतः झिजून पंख्याचा धातू वाचवतो. खाऱ्या पाण्यावर जगणाऱ्या गोमंतकीयांना हे वेगळे सांगायला नको.

आर्देशीर मायदेशी परतले ते मुंबईच्या कंपनी सरकारच्या वाफयंत्र कारखान्याचे मुख्य अभियंता म्हणून. युरोपीय कारागीर त्यांच्या हाताखाली आले. एका भारतीयाने गोऱ्यांना हुकूम द्यावा, हे शहरातील इंग्रजी पत्राला रुचले नाही आणि त्याने नेमणुकीवर उघड टीका केली. या टीकेपुढे आर्देशीर सोळा वर्षे त्या पदावर टिकले, हेच माझ्या मते त्यांचे सर्वांत अवघड काम. ‘इंडस’ त्यामानाने सोपे होते. १८४९ मध्ये ते अमेरिका पाहून आले. १८५१ मध्ये त्यांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात उतरवली.

१८५७ मध्ये ते निवृत्त झाले. पुढे काही काळ सिंधू नदीवरील आगबोटींच्या कंपनीत त्यांनी अभियंता म्हणून काम पाहिले आणि अखेरीस इंग्लंडमध्ये रिचमंड येथे स्थायिक झाले. तिथेच नोव्हेंबर १८७७ मध्ये त्यांचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले, ते १९६९ मध्ये.