मेणाच्या होड्यांचा अभियंता

जहाजाला पाणी किती अडवेल, हे ते बांधण्याआधीच कळावे, यासाठी इंग्लंडचे विल्यम फ्रूड (१८१०–१८७९) आयुष्यभर झटले. रेल्वेत अभियंता असलेल्या फ्रूड यांनी १८४६ मध्ये आजारी वडिलांसाठी पूर्णवेळ काम सोडले. अभ्यास सोडला नाही. १८६७ मध्ये त्यांनी ३, ६ आणि १२ फुटी होड्या डार्ट नदीत ओढून पाहिल्या. लांबी चौपट झाली, की वेग दुप्पट ठेवावा. मग लाटा सारख्याच उठतात, असे दिसले. छोट्या होडीवरून मोठ्या जहाजाचे कळेल यावर जाणकारांचा विश्वास नव्हता. फ्रूड यांनी टॉर्कीच्या घराजवळ टाकी बांधून मेणाची मॉडेल तपासली. ‘ग्रेहाउंड’ ही खरी युद्धनौका ओढून मिळालेल्या आकड्यांशी अंदाज जुळला. आज घरी कार्बन फायबरची छोटी होडी घडवणाऱ्यालाही हाच नियम उपयोगी पडतो.